एका गाईचं गायरान

गोदाबाईची गाय पोटभर खाऊन मग चरायला निघायची. ऐकून हसू येईल, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. शेजारच्या मांजरी गावाच्या अंगाला अजून थोडा ऊस उभा आहे. तोड चालू असली की वाढं मिळतं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. सकाळी उठून गोदाबाई गाईला, बांडीला, ते घालायची, पाणी पाजायची, आणि गाय रवंथ करायला बसायच्या आत तिला हलवून म्हणायची, "चल बाई, हजेरी लावून येऊ." कारण जिथं जायचं त्या गायरानात खाण्याजोगं काही उरलंच नव्हतं. गाजरगवत होतं, पाडलेल्या घरांचा राडारोडा होता आणि बाभळीला अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. तिथं दुपारपर्यंत उभं राहायचं आणि परत यायचं. गुडघे आता इतके दुखायचे, की रस्ता ओलांडताना गाय पुढं जायची आणि बाई मागं राहायची, आणि डंपरवाले दोघींनाही शिव्या घालायचे.

मग कशाला जायची? त्यासाठी जरा मागं जायला हवं.

खळवाडी ही हडपसरच्या पुढं, कालव्याकाठची वाडी. आता ती पुणे शहरात आहे. म्हणजे घरपट्टी शहराची आहे. पाणी टँकरचं आहे. पण पूर्वी हे गाव होतं, आणि गावाच्या वरच्या अंगाला मोठा माळ होता, तेच गायरान. कागदावर ते सरकारचं. पण सरकारला विचारतो कोण? गावाचा न्याय साधा होता: ज्याचं जनावर चरतंय त्याचं गायरान, आणि जनावर उठून घरी गेलं की कुणाचंच नाही. पाटलाच्या दावणीच्या बैलांना जेवढा हक्क, तेवढाच भूमिहीन बाईच्या शेळीला. कुंपण नव्हतं, पाटी नव्हती, पण शिस्त अशी की विचारू नका. शेळ्या खडकाच्या कडेनं, गाई मधल्या माळावर, म्हशी खाली ओढ्याला. पाऊस पडला की माळ बंद. गवत डोळ्यांसमोर डोलायचं आणि गुरं बांधाबांधानं फिरायची, पण गवत पिकून बी खाली पडल्याशिवाय माळावर खूर टाकू द्यायचे नाहीत. दसरा झाला की मग सगळ्यांची गुरं एकदम आत. फलटणकडून धनगर मेंढ्या घेऊन यायचे, त्यांनाही उतरू द्यायचे; बदल्यात त्यांनी मेंढ्या गावच्या रानात बसवायच्या, म्हणजे रानाला फुकट खत. चोरून आधीच गुरं घालणाऱ्याला दंडबिंड नसे. त्याच्या घरच्या लग्नाला गाव जेवायला जात नसे, एवढंच. त्या धाकानं भले भले सरळ यायचे.

गोदाबाई या गावात सून म्हणून आली ती गुराख्याच्या घरात. सासरा गुराखी, नवरा गुराखी. सकाळी वेशीत उभं राहून हाळी द्यायची, घरोघरची गुरं जमायची, ती माळावर न्यायची आणि दिवेलागणीला परत वेशीत आणून सोडायची. तिथून प्रत्येक गाय आपापलं दार ओळखून जायची. बदल्यात सुगीला धान्य आणि रोज एकेका घरची भाकरी. या घराकडं जमिनीचा तुकडा कधीच नव्हता. गायरान सगळ्यांचं होतं, म्हणून ते त्यांचंही होतं.

आणि होती काठी. तिची रीत अशी, की दर गुढीपाडव्याला गुराख्यानं ती मारुतीच्या पारावर ठेवायची आणि म्हणायचं, "मी सुटलो." मग पाटलानं ती उचलून त्याच्यापुढं धरायची, "यंदाही तूच." गुराख्यानं घेतली तर तो वर्षभर बांधील. नाही घेतली तर काठी पाटलाच्याच हातात राहिली, आणि ज्याच्या हातात काठी, त्याच्या माथी गुरं. त्यात सुटका नाही. एकदा गावच्या एका नव्या जावयानं कुत्रं हाकलायला पारावरची ती काठी उचलली. झालं! सासुरवाडीनं त्याला नव्या कोऱ्या धोतरानिशी माळावर धाडला, आणि गुरं वेशीत आणल्यावरच ताट वाढलं. बिचारा म्हातारा होईपर्यंत गाव त्याला 'या गुराखीबुवा' म्हणायचं.

नवरा गेल्यावर काठी गोदाबाईकडं आली. आणि काठी आली तशी गुरं जायला लागली. ट्रॅक्टर आले, बैल गेले. दूध पिशवीतून यायला लागलं, म्हशी गेल्या. गोठे पाडून लोकांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. गावचे पाटील महिपतीदादा. त्यांनी गोठ्याच्या जागी पाच मजली इमारत उठवली, खाली पार्किंग. गोठ्यातली शेवटची कालवड, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची बांडी, त्यांनी गोदाबाईला देऊन टाकली.

मग गाव महापालिकेत गेलं, आणि मारुतीच्या देवळात सभा भरली. भीती अशी की आता शहर गायरान गिळणार. कुणीतरी म्हणालं, जिथं जनावर चरतंय त्या जागेला कुणाला हात लावता येत नाही. खूर पडत राहिला तर गायरान राहतं. खूर थांबला की गेलं. हे कुठल्या कायद्यात आहे, असं एकानंही विचारलं नाही. सगळ्यांना पटलं, कारण सगळ्यांचे आजे तेच म्हणत आले होते. पण जनावर होतं कुणाकडं? सगळ्यांनी आधी एकमेकांकडं पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून गोदाबाईकडं. महिपतीदादांनी काठी तिच्यापुढं धरली आणि म्हणाले, "गोदे, खूर पडायला हवा. एका गाईचा का होईना." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण गोदाबाईचा ऊर तेव्हा भरून आला. अख्ख्या गावानं एवढं मोठं काम आपल्यावर टाकलं, असं तिला वाटलं. टाकलं होतंच की.

तेव्हापासून खाडा नाही. अंगात ताप असताना गेली. धाकटी बहीण दौंडला वारली, तर सकाळी गाय फिरवून मग मातीला गेली आणि रडणं अर्धं ठेवून त्याच दिवशी परत आली. शेजारी नवी सोसायटी झाली. तिथले एक गृहस्थ रोज सकाळी पांढरे बूट घालून फिरायचे. एकदा थांबून म्हणाले, "आजी, आपल्या गाईचं शेण आमच्या वाटेवर पडतं. जरा बघत चला." गोदाबाई म्हणाली, "बघते की. रोजच बघते." पुढं ते गृहस्थ वाट बदलून फिरू लागले. चला, तेवढं तरी झालं.

तिची एकुलती लेक ललिता शहराच्या दुसऱ्या टोकाला, वारज्याला राहते. फोनवर तिचं एकच टुमणं, की आई, चार दिवस येऊन बस गं, पाय चेपून देते. लेकी माहेरपणाला आईकडं येतात. इथं आईलाच लेकीकडं माहेरपणाला जायचं होतं. तिला दुसरं काही नको होतं. ललिताच्या घरी भिंतीला पाठ टेकून बसावं, कुणीतरी हातात चहा आणून द्यावा, आणि सकाळ झाली तरी उठू नये. एवढीच आस. पण जिवाला घोर असा, की आपण चार दिवस गेलो आणि तेवढ्यात गायरान गेलं तर? गाव म्हणेल, पिढ्यांचं गायरान घालवलं कुणी, तर गुराख्याच्या सुनेनं. तो डाग कुठल्या पाण्यानं धुवायचा? मग भरलेली पिशवी ती परत रिकामी करायची आणि लेकीला सांगायची, येते गं, यंदाचं वर्ष सरू दे.

पहिल्या पहिल्या पाडव्यांना पारावर गर्दी असायची, गूळ वाटायचे, दोन म्हातारे तिची पाठ थोपटायचे. मग माणसं गळत गेली. शेवटी एकटे महिपतीदादा यायचे. गेल्या पाडव्याला त्यांचे पाय चालेनात, म्हणून त्यांचा मुलगा बद्रीनाथ आला. बद्रीनाथ जमिनीचे व्यवहार करतो, आणि पुढंमागं निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या मनात आहे. त्याला घाई होती. त्यानं गाडीची काच खाली केली आणि आतूनच हात बाहेर काढला. आता पारावरची काठी त्या हातापर्यंत पोचायची कशी? गोदाबाईनंच ती उचलून त्याला दिली, आणि तीच काठी त्यानं परत तिला दिली. "यंदाही तुम्हीच, मावशी." काच वर गेली. गोदाबाईला वाईट वाटलं. पण काठी तिनं घेतली होती, आणि घेतली म्हणजे घेतली.

मग यंदाच्या थंडीत, एका संध्याकाळी, बद्रीनाथची बायको भाग्यश्री दारात उभी राहिली. हातात गाईसाठी हळदीकुंकवाचं तबक, खण आणि नारळ. भाग्यश्री मनानं वाईट नाही. आल्या आल्या तिनं बांडीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, परवा आमच्याकडं पूजा आहे, गुरुजी म्हणतात गोपूजन हवंच, आणि गावात गाय आहे ती तेवढी तुमची. न्हाऊ घालून आणाल का? गोदाबाईला बरं वाटलं. बांडी शेवटी त्याच घरची लेक. म्हणाली, "आणते की. कुठं आणू, पार्किंगात?"

"नाही हो मावशी, गायरानात. भूमिपूजन तिथंच आहे ना. तुम्ही तर रोजच येता."

गोदाबाईला काही कळेना. मग भाग्यश्रीनंच सगळं सांगितलं. तिथं मोठं मंगल कार्यालय होणार, मागून नव्या टॉवरला रस्ता जाणार. गावकीनं गेल्या माघातच देवळात बसून एकमतानं होकार दिला, पेढे वाटले. आणि मग थांबून तिनं विचारलं, "तुम्हाला सांगितलं नाही कुणी?" तिला खरंच नवल वाटलं होतं.

गेल्या माघात. म्हणजे पाडव्याच्या आधी. म्हणजे गाडीच्या काचेतून काठी हातात आली तेव्हा गायरान देऊन झालं होतं. मग चैत्रवैशाखाच्या उन्हात आपण कशाची राखण केली? गोदाबाई उंबऱ्यावर बसली. रागवायलाही अंगात बळ लागतं, तेवढंसुद्धा तिच्यात उरलं नव्हतं. तिला लाज वाटली. बघा हं, फसवणारे आपल्या घरी पेढे खात होते आणि लाजत होती ही. रोज अख्ख्या गावानं तिला गाय घेऊन जाताना पाहिलं होतं. वाण्यानं पाहिलं, देवळातल्या म्हाताऱ्यांनी पाहिलं, "काय मावशी, निघाली का स्वारी?" म्हणून हाकाही मारल्या. आणि एकालाही वाटलं नाही की म्हातारीला थांबवावं, सांगावं की बाई, बस आता घरी. त्यांनी लपवलं नव्हतं. लपवलं असतं तरी एक वेळ परवडलं असतं. सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

भाग्यश्री ओशाळून उभी होती. गोदाबाईनं तिच्या हातातला नारळ घेतला आणि म्हणाली, "आणते."

पूजेच्या दिवशी माळावर मांडव होता, खुर्च्या होत्या, गाजरगवत उपटून सडा घातला होता. जेसीबीला झेंडूचा हार होता. पुढच्या रांगेत महिपतीदादा, पांढरेशुभ्र कपडे घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. गोदाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. गुरुजींनी बांडीची पूजा सांगितली. पुढच्या पायांवर पाणी, कपाळाला कुंकू, तोंडात पुरणपोळीचा घास. वर्षानुवर्षांत बांडीला गायरानात खायला मिळालं ते त्या दिवशी. लोकांनी फोटो काढले. मग बद्रीनाथनं माइक घेतला आणि गोमाता, गाव, परंपरा असं बरंच बोलला. शेवटी म्हणाला, की आपल्या गोदामावशींनी या गायरानाची फार सेवा केली, त्यांचा साडी देऊन सत्कार करू. टाळ्या झाल्या.

गोदाबाई पुढं आली. साडीला तिनं हात लावला नाही. महिपतीदादांच्या समोर गेली, कमरेत वाकली आणि काठी त्यांच्या पायांपुढं जमिनीवर ठेवली. म्हणाली, "मी सुटले, दादा."

मागं बसलेले म्हातारे खुर्चीत सावरून बसले. पोरासोरांना कळेना काय झालं. बद्रीनाथ हसून म्हणाला, की मावशी, पाडव्याला अजून वेळ आहे, आणि काठी बाजूला करायला वाकला. वाकला खरा, पण हात मध्येच थांबला. शहरात व्यवहार करत असला तरी तो याच गावचा. जावयाची गोष्ट ऐकतच मोठा झाला होता. त्यानं हात मागं घेतला. मग इकडंतिकडं पाहिलं, तर जो तो दुसरीकडं बघू लागला. गायरान द्यायला सगळे हात वर झाले होते. काठी उचलायला एक हात पुढं येईना. जेसीबीवाला इंजिन चालू करून बसला होता, त्यानं ते बंद केलं.

तेव्हा महिपतीदादा उठले. उठायला त्यांना वेळ लागला. "मला ठावं होतं, गोदे," ते म्हणाले. "घरात माझं कुणी ऐकत नाय म्हणून म्या गप बसलो. पण तुला सांगायला काय कुणाची परवानगी लागत नव्हती." मग ते वाकले. मुलगा "दादा, नको" म्हणत धावला, तर त्याला कोपरानं सारला. काठी उचलली, आणि दुसऱ्या हातानं बांडीचं दावं धरलं.

बांडी हलेना. मान वळवून गोदाबाईकडं बघत राहिली. गोदाबाईच्या तोंडातून "चल बाई" निघता निघता राहिलं. तिनं पाठ फिरवली. मग महिपतीदादांनी जीभ टाळूला लावून चक् चक् केलं, गोठ्यात कालवडीला करायचे तसं. बांडीनं कान हलवले आणि ती त्यांच्या मागं निघाली. खुर्च्यांच्या मधून, पाहुण्यांच्या मधून, म्हातारा आणि गाय गावाकडं गेली.

गोदाबाई घरी आली. हातात काठी नाही, दावं नाही. त्या हातांचं काय करावं तिला सुचेना. तिनं गोठ्यातलं उरलेलं वाढं शेजारणीकडं पोचवलं, महिपतीदादांकडं नेऊन टाक म्हणून सांगितलं, आणि मग दार लावून पोटभर रडली. गायरान गेलं म्हणून रडली का? थोडी त्यासाठी. जास्त स्वतःच्या पायांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन बसथांब्यावर बसली होती. नेहमीची वेळ झाली आणि रस्त्यावर हॉर्न वाजायला लागले. बघते तर पुढं बांडी, तिच्याबरोबर काठी टेकत महिपतीदादा, आणि मागं गाईच्या चालीनं बद्रीनाथची मोठी गाडी. गाडीच्या मागं निम्मी खळवाडी अडकलेली. बद्रीनाथ काचेतून डोकं काढून विनवत होता, की दादा, गाडीत बसा, गाय टेम्पोनं आणतो, लोक बघतायत. दादा मागं वळून बघतही नव्हते.

थांब्यापाशी बांडी आपोआप उभी राहिली आणि तिनं गोदाबाईच्या पिशवीत तोंड खुपसलं. गोदाबाईनं तिची गळ्याखालची पोळी खाजवली. महिपतीदादांना धाप लागली होती. त्यांनी पिशवीकडं पाहिलं आणि विचारलं, ललीकडं का? ती हो म्हणाली. ते म्हणाले, बरं केलंस. गायरानाला आता पत्रे ठोकले होते. पत्र्यापर्यंत जातो आणि परत येतो, पाळी माझ्या घरची आहे, असं त्यांनी न विचारता सांगितलं. मग काठीवर दोन्ही हात ठेवून ते पुढच्या चढाकडं बघत राहिले.

"गोदे," ते म्हणाले, "ही वाट एवढी लांब कधी झाली गं?"

"वाट तेवढीच हाय, दादा," गोदाबाई म्हणाली. "तुम्ही कधी चालला नव्हता."

त्यांनी चक् चक् केलं आणि गाय घेऊन चढाला लागले. गोदाबाईची बस आली. कंडक्टरनं हात देऊन तिला वर घेतलं, कुणीतरी उठून खिडकीशी जागा दिली. मागं वळून एकदा बघावं असं तिच्या मनात होतं, पण सीटला पाठ टेकली आणि हडपसर यायच्या आतच तिला झोप लागली.